जुन्या लेखाचा पत्ता बदलण्यापूर्वी आम्हाला कळवा

"ब्लॉग सुरू होऊन चार महिने झाले, तरी गूगलवरून लोक का येत नाहीत?" हा प्रश्न आम्हाला जवळजवळ प्रत्येक ग्राहक विचारतो. शोधयंत्रासाठी केलेल्या कामाचा परिणाम दिसायला साधारणतः चार महिने ते एक वर्ष लागते, हे गूगलनेच सांगितलेले आहे, आणि तेवढा धीर धरावाच लागतो. परंतु वाढू लागलेली वर्दळ अचानक आटते, तेव्हा आम्हाला बहुतेक वेळा एकच कारण सापडते: संकेतस्थळाचे रूप बदलताना जुन्या लेखांचे इंटरनेटवरचे पत्तेही (यूआरएल) बदललेले असतात.

दिवाळीच्या सुमारास नवी थीम (संकेतस्थळाच्या रूपाचा तयार साचा) बसवली जाते, पत्त्यातली तारीख काढली जाते, ‘ब्लॉग’ हा विभाग ‘माहिती’ होतो. पाने सुरेख दिसतात आणि मजकूरही तोच असतो. पण गूगलकडील नोंद आणि इतरांनी दिलेले दुवे जुन्याच पत्त्यावर असतात. नागपुरातल्या सीताबर्डीचे दुकान धरमपेठेत हलवून जुन्या शटरवर पाटी न लावण्यासारखे हे आहे. वाचकाला ‘४०४’, म्हणजे ‘पान सापडले नाही’ असे दिसते, गूगलचा बॉट (पाने तपासत फिरणारा प्रोग्राम) काही फेऱ्यांनंतर ते पान यादीतून काढून टाकतो आणि नव्या पत्त्याला आपली पत बहुतांशी नव्याने मिळवावी लागते.

यावर उपाय म्हणजे प्रत्येक जुन्या पत्त्यावरून त्याच विषयाच्या नव्या पानाकडे ‘३०१’ प्रकारचा कायमस्वरूपी रीडायरेक्ट, म्हणजे येणाऱ्याला आपोआप नव्या पत्त्यावर नेणारी सूचना, लावणे. सगळे जुने पत्ते सरसकट मुख्य पानाकडे वळवले, तर गूगल ते पान सापडले नाही असेच धरते. म्हणून आम्ही जुना पत्ता आणि नवा पत्ता अशी जोडी लावून तक्ता करतो, आणि हे कंटाळवाणे काम हातानेच करतो. हे रीडायरेक्ट किमान वर्षभर, शक्यतो कायमचे, ठेवावेत. जुने होस्टिंग (संकेतस्थळ ठेवलेली सर्व्हरवरची जागा) बंद करण्याची घाई त्यामुळेच नडते.

एकेका लेखासाठी आम्ही एवढे का झटतो, हे संत्र्याच्या कलमांच्या रोपवाटिकेचे उदाहरण घेतल्यास कळेल. ‘संत्रा लागवड’ या ढोबळ विषयावर सरकारी आणि संशोधन संस्थांची पाने आधीच वर असतात. तिथे नव्या संकेतस्थळाचा निभाव लागणे कठीण. पण काटोल-नरखेडकडचा बागायतदार जंबेरी खुंटावरचे (खुंट म्हणजे ज्या रोपावर कलम बांधतात ते) कलम घ्यावे की रंगपूर खुंटावरचे, किंवा डिंक्या (खोडातून डिंक गळण्याचा रोग) दिसल्यावर बोर्डो मलम (मोरचूद-चुन्याचा लेप) कसे लावावे, असे नेमके विचारतो, तेव्हा त्याला हवे असलेले उत्तर रोपवाटिकेच्या मालकाकडेच असते. लागवड पावसाळ्यात होत असल्याने असा लेख फेब्रुवारीतच चढलेला बरा. जूनमध्ये लिहिलेला लेख त्या हंगामाला क्वचितच उपयोगी पडतो. डोळा भरलेली जागा (कलमाचा सांधा) जमिनीच्या वर राहिली पाहिजे, हे मालकाने स्वतः रोप हातात धरून दाखवलेले छायाचित्र लेखात असले, की वाचक थांबतो आणि फोनही करतो.

म्हणूनच प्रत्येक लेखासाठी आम्ही आपला तासभर मागतो आणि महिन्याला दोनच लेख देतो. याहून स्वस्तात ढीगभर लेख मिळतात, हे आम्हाला ठाऊक आहे. मात्र केवळ क्रमांक मिळवण्यासाठी ढिगाने तयार केलेला, वाचकाला निरुपयोगी असा मजकूर, तो माणसाने लिहिलेला असो वा यंत्राने, मार्च २०२४ पासून गूगलच्या स्पॅमविरोधी धोरणात स्पष्टपणे मोडतो. पहिल्या क्रमांकाची हमीही आम्ही देत नाही. अशी हमी कुणालाच देता येत नाही, हे गूगलचेही म्हणणे आहे.

तेव्हा थीम, डोमेन (संकेतस्थळाचे नाव) किंवा होस्टिंग बदलण्याचा विचार असल्यास किमान दोन आठवडे आधी आम्हाला कळवावे. काम दुसऱ्या डिझायनरकडे असले तरी हरकत नाही, आम्ही त्यांच्याशी थेट बोलून घेऊ. वार्षिक देखभाल करारातील ग्राहकांसाठी पत्त्यांचा तक्ता, रीडायरेक्ट आणि त्यानंतरची तपासणी यांचे वेगळे शुल्क नाही. बदल आधीच होऊन गेला असेल, तरी सर्च कन्सोलचा (गूगल शोधातली आकडेवारी दाखवणाऱ्या गूगलच्याच साधनाचा) प्रवेश द्यावा. त्यात मागील १६ महिन्यांची आकडेवारी राहते, त्यामुळे कोणत्या पानांवर लोक येत होते हे कळते आणि तीच पाने आम्ही आधी सावरतो. जुन्या संकेतस्थळाचा बॅकअप मात्र तोवर कुणालाही पुसू देऊ नये.