सीओपीडी : ग्रामीण विदर्भातील प्राथमिक उपचार

सीओपीडी, म्हणजे दीर्घकालीन अवरोधी फुफ्फुसविकार. यात श्वासनलिका कायमच्या अरुंद होतात आणि फुफ्फुसातले वायुकोश झिजतात. दम्यातला अडथळा औषधाने बराचसा सुटतो, यातला पूर्ण सुटत नाही. खेड्यात मात्र दोन्हींना 'दमा' हेच नाव आहे आणि उपचारातला पहिला घोटाळा तिथूनच सुरू होतो.

बिडी हे ठळक कारण. पण केवळ बिडी ओढणारे म्हातारे शोधत बसले तर बाया सुटून जातात. कापूस संपला की पऱ्हाट्या, तूर निघाली की तुराट्या घरामागे रचल्या जातात आणि वर्षभर चुलीत जळतात. त्या धुरात तीस वर्षे स्वयंपाक केलेल्या बाईला बिडीला हात न लावताही हा आजार होतो. २०१६च्या उज्ज्वला योजनेने गॅस घरात आला, तरी सिलिंडर परवडत नाही तिथे आंघोळीचे पाणी चुलीवरच तापते. चंद्रपूर-वणी भागातली कोळशाची धूळ आणि पूर्वी होऊन गेलेला क्षयरोग हीही कारणे आहेतच. आशाताई घरोघरी दीर्घ आजारांचा धोका तपासण्यासाठी भरतात त्या सीबॅक अर्जात स्वयंपाकाच्या इंधनाचा प्रश्न आहे, तो नुसती खूण करून सोडण्यासारखा नाही.

खोकला दोन आठवड्यांच्या वर गेला तर आधी क्षयरोगासाठी थुंकी तपासावी. 'गोल्ड' या जागतिक मार्गदर्शिकेनुसार पक्के निदान स्पायरोमेट्रीने, म्हणजे यंत्रात फुंकून श्वास मोजण्याच्या तपासणीनेच होते : श्वासनलिका रुंदावणारे औषध दिल्यानंतर पहिल्या सेकंदात सोडलेली हवा एकूण सोडलेल्या हवेच्या ०.७ पटीपेक्षा कमी भरली पाहिजे. यंत्र जवळ नसेल तर रुग्णाला ते असलेल्या रुग्णालयात एकदा तरी पाठवावे.

उपचाराचा कणा म्हणजे श्वासातून घ्यायचे औषध, गावच्या भाषेत 'पंप'. 'पंपाची सवय लागते' या भीतीने लोक गोळ्या आणि सुया मागतात. वास्तविक पंपातला डोस मायक्रोग्रॅममध्ये असतो आणि थेट फुफ्फुसात जातो. तो घेता येणे मात्र शिकवावे लागते. 'दाबून दाखवा' म्हटले की कित्येकदा पांढरा फवारा तोंडातून तसाच बाहेर येतो; औषध आत गेलेलेच नसते. पंप हलवावा, श्वास पूर्ण सोडावा, पंपाच्या तोंडाभोवती ओठ घट्ट मिटावेत, दाबतानाच सावकाश श्वास ओढावा आणि जमेल तितका, दहा सेकंदांपर्यंत, रोखावा. हात आणि श्वास यांचा मेळ बसत नसेल तर स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची पोकळ नळी, द्यावा. औषध वाढवण्याआधी दर भेटीत हे पाहिलेच पाहिजे. मे महिन्यात तापलेल्या टिनाखाली पंप ठेवू नये, हेही सांगावे.

रोजच्या उपचारात टायोट्रोपियम किंवा फॉर्मोटेरॉलसारखी दीर्घ परिणामाची औषधे येतात. स्टेरॉइडचा पंप सरसकट नको, त्याने न्यूमोनियाचा धोका वाढतो. वारंवार त्रास उसळणाऱ्या आणि रक्तात इओसिनोफिल या पांढऱ्या पेशी जास्त असलेल्यांना तो उपयोगी पडतो. या साऱ्यांहून मोलाचे म्हणजे बिडी सुटणे. झीज मंदावते ती त्यानेच. धूर बाहेर जाईल अशी चूल, रोजचे चालणे आणि फ्लू व न्यूमोकोकस (न्यूमोनियाचा एक जंतू) यांची लस यांचाही आधार होतो.

धाप अचानक वाढली तर लगेच आराम देणारा सालब्युटामॉलचा पंप वारंवार आणि प्रेडनिसोलोन ही स्टेरॉइडची गोळी रोज ४० मिलिग्रॅम, पाच दिवस. बेडका पिवळा-हिरवा आणि जास्त पडू लागला तरच अँटिबायोटिक. बोटाला लावायच्या यंत्रावर दिसणारा रक्तातला ऑक्सिजन ८८ ते ९२ टक्क्यांच्या मध्ये ठेवायचा. काळजीपोटी ऑक्सिजनची नळी पूर्ण उघडली तर रक्तात कार्बन डायऑक्साइड साचतो. रुग्ण गुंगू लागला, ओठ निळे पडले किंवा एक वाक्यही सलग बोलता येईना, तर १०८ बोलवावी आणि ऑक्सिजनचा हा आकडा चिठ्ठीवर लिहून द्यावा.