इंग्रजी समुद्राला चेहरा कुठून आला?

इंग्रजीत माणसाला 'फेस' म्हणजे चेहरा असतो, तसा घड्याळाला असतो, पृथ्वीला असतो, समुद्रालाही असतो. 'सरफेस' (पृष्ठभाग) या शब्दाच्या पोटातही तोच बसला आहे. पण हा शब्द इंग्रजीच्या घरचा नव्हे. फ्रेंचमधून तो तेराव्या शतकात आला आणि 'सरफेस' त्यानंतर तीनेकशे वर्षांनी. त्याआधीच्या, म्हणजे १०६६ मध्ये फ्रान्सकडून झालेल्या नॉर्मन स्वारीपूर्वीच्या इंग्रजीत चेहऱ्यासाठी शब्दांची रेलचेल होती. पृष्ठभागासाठी मात्र हक्काचा असा एकही शब्द नव्हता.

चेहऱ्याचा हिशेब सर्वांत स्वच्छ सापडतो तो एका कायद्यात. इंग्लंडच्या आग्नेय टोकाच्या केंटचा राजा एथेलबर्ट याचे कायदे इ.स. ६०० च्या आसपासचे. आज त्यांची बाराव्या शतकातली एकच प्रत उरली आहे, तरी इंग्रजीतला सर्वांत जुना मजकूर म्हणून त्यांचाच मान. त्यात तोंडाचे अक्षरशः दरपत्रक आहे. नाक भोसकले तर ९ शिलिंग. एक गाल भोसकला तर ३, दोन्ही भोसकले तर ६. पुढचे चार दात प्रत्येकी ६. गालाला तिथे 'ह्लेओर' म्हटले आहे आणि हाच शब्द काव्यात अख्ख्या चेहऱ्यासाठीही चालतो. पुढे 'व्लिटेवाम' नावाचा एक गुन्हा येतो. व्लिटे म्हणजे रूप आणि वाम म्हणजे डाग. रूपाला लहानसा बट्टा लागला तर ३ शिलिंग, मोठा असेल तर ६. त्याहून गंमत म्हणजे काळानिळा वळ कपड्यांबाहेर उठला तर ३० स्केट आणि कपड्यांखाली झाकला गेला तर २०. (स्केट हे त्या वेळचे लहान चलन.) मार तेवढाच, पण चारचौघांत दिसला की दंड दीडपट.

या 'दिसण्या'वरच तिथली बरीचशी शब्दसंपत्ती उभी आहे. 'व्लिटान' म्हणजे पाहणे. त्यावरून 'व्लिटे' आणि मुख या अर्थाचा 'अँडव्लिटा'. जर्मनमध्ये त्याचे भावंड 'आंटलिट्स' अजून जिवंत आहे. 'अन्सीन' हाही पाहण्यावरूनच घडलेला शब्द, त्याचा अर्थ चेहरा, रूप, दर्शन असा पसरतो. याउलट 'नेब' अगदी रांगडा: चोच, नाक आणि सबंध तोंडही. 'बेओवुल्फ' या जुन्या इंग्रजी वीरकाव्यात नायक रात्री आडवा होतो तेव्हा कवी म्हणतो की 'ह्लेओरबोल्स्टर'ने, म्हणजे गालाखालच्या उशीने, त्या सरदाराचा 'अँडव्लिटा' झेलला. गाल आणि मुख एकाच वाक्यात, आणि कुठेही पुनरुक्ती वाटत नाही.

आता पृष्ठभाग. त्याच काव्यात राजा ह्रोथगार सांगतो की जुने भांडण मिटवायला त्याने 'पाण्याच्या पाठीवरून' मौल्यवान वस्तू धाडल्या. पाठीला शब्द आहे 'ह्रिज', आजच्या इंग्रजीत डोंगराच्या धारेला म्हणतात तोच रिज. मराठी वाचकाला यात काहीच नवल वाटणार नाही. आपण पृथ्वीच्या पाठीवर राहतो आणि 'पृष्ठ' म्हणजे तरी पाठच. नवल वाटावे ते पुढच्या इंग्रजीचे, तिने पाठ सोडून चेहरा धरला याचे.

ते घडले प्रामुख्याने बायबलमुळे. उत्पत्तीच्या पुस्तकाच्या दुसऱ्याच वाक्यात अथांग पाण्यावर अंधार आहे. हिब्रूत तिथे 'पानीम', म्हणजे चेहरा, याचे रूप आहे. लॅटिन भाषांतरात तो 'फॅसिएस' झाला. दहाव्या शतकाच्या अखेरीस अॅल्फ्रिक या मठवासी पंडिताने उत्पत्तीचा भाग इंग्रजीत आणला, तेव्हा त्याने इथे चेहरा घेतलाच नाही. त्याने लिहिले 'ब्राडनेस', म्हणजे पाण्याचा विस्तार, रुंदी. स्तोत्रांच्या लॅटिन ओळींवर एकेका शब्दाचा अर्थ लिहिणाऱ्यांना ही मोकळीक नव्हती. ते फॅसिएसवर इमानाने 'अन्सीन' लिहीत. मला अॅल्फ्रिकची निवड अधिक जाणती वाटते, त्याचे वाक्य इंग्रजी कानाला धरून आहे. पण टिकले दुसरेच. चौदाव्या शतकाच्या शेवटी विक्लिफ या धर्मसुधारकाच्या अनुयायांच्या बायबलात तिथे 'फेस' आला आणि १६११ च्या राजमान्य भाषांतराने तो घरोघरी पोचवला.

भूमितीची वाट वेगळी. १५७० मध्ये हेन्री बिलिंग्जली याने प्राचीन ग्रीक भूमितिकार युक्लिडचा ग्रंथ इंग्रजीत आणला, तेव्हा लांबी-रुंदी असलेल्या पण जाडी नसलेल्या वस्तूला त्याने लॅटिनमधला 'सुपरफिशिएस' उचलून दिला. 'सरफेस' हे त्याच लॅटिन शब्दाच्या धर्तीवरचे फ्रेंच रूप. सतराव्या शतकात ते रुळले आणि जड लॅटिन शब्द मागे पडला.

जुन्यांपैकी अँडव्लिटा आणि अन्सीन पार गेले. ह्लेओर बहुधा 'लीअर' या क्रियापदात उरला असावा: गालावरून तिरके, वाईट नजरेने पाहणे. नेब उत्तरेकडच्या बोलींत आणि स्कॉटलंडमध्ये नाक-चोच म्हणून चालू आहे. त्याचेच रूप असलेली 'निब' आपल्या टाकाला लागली. फ्रेंचमधून आलेल्यांपैकीही सगळेच चेहरे राहिले नाहीत. 'चिअर' हा शब्द आधी चेहराच होता. मग चेहऱ्यावरचा भाव, मग मनाची स्थिती, मग नुसता आनंद. शेक्सपिअरच्या 'मिडसमर नाइट्स ड्रीम'मध्ये प्रेमाने झुरणारी हेलेना 'पेल ऑफ चिअर' आहे. तिथे तिचा उतरलेला चेहराच अभिप्रेत आहे.