वंशाचा दिवा आणि 'अँग्लो'

माझगावच्या आमच्या जुन्या इमारतीत तळमजल्यावर एक आंटी राहायच्या. शेजाऱ्यापाजाऱ्यांत त्या स्वतःला 'अँग्लो' म्हणवायच्या, अर्जांवर 'ख्रिश्चन' लिहायच्या, आणि कुणी फारच खोदून विचारलं तर अस्खलित मराठीत सांगायच्या, "डॅडी इगतपुरीला ड्रायव्हर होते. इंजिनाचे." 'युरेशियन', म्हणजे युरोपीय आणि देशी अशा मिश्र रक्ताचं, म्हटलेलं मात्र त्यांना खपायचं नाही. आजोबांच्या कागदांवर नेमका तोच शब्द होता.

त्यांचा राग समजण्यासारखा आहे. १७९१ साली कंपनी सरकारने आई किंवा बाप देशी असलेल्या मुलांना वरच्या नोकऱ्यांची दारं बंद केली आणि त्याची झळ मिश्र घरांना बसली. पुढे साहेबांच्या क्लबांतून माणसाचं रक्त आण्यांत मोजलं जाऊ लागलं: अमक्यात दोन आणे काळं, तमक्यात चार आणे. त्या हिशेबाचा वास 'युरेशियन'ला चिकटला तो चिकटलाच. १९११ च्या जनगणनेत सरकारने तो शब्द काढून 'अँग्लो-इंडियन' आणला. तोवर अँग्लो-इंडियन म्हणजे इथे चाकरीला आलेला अस्सल इंग्रज. म्हणून एकोणिसाव्या शतकातले कागद वाचताना भलेभले फसतात.

'ईस्ट इंडियन'ची गंमत तर त्याहून मोठी. १८३० च्या सुमारास कलकत्त्याच्या मिश्र समाजाने ब्रिटिश पार्लमेंटकडे दाद मागितली ती याच नावाने. नंतर ते नाव तिथे मागे पडलं. १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाला पन्नास वर्षं झाली तेव्हा, ते मुंबईत उचललं गेलं, आणि उचललं कुणी, तर साष्टी-वसईच्या मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती लोकांनी. नोकऱ्यांसाठी गोवा-मंगळूरहून येणाऱ्या ख्रिश्चनांपेक्षा आपण वेगळे, इथलेच, हे त्यांना सरकारदरबारी ठसवायचं होतं. एकेकाळी मिश्र रक्ताची म्हणून चाललेली पाटी अशी भूमिपुत्रांच्या दारावर लागली. डिसोझा, परेरा ही आडनावं त्यांच्याकडे बाप्तिस्म्याबरोबर आली. त्यासाठी पोर्तुगीज पणजोबा असायची गरज नव्हती. तरी आजही ऑफिसात डबा उघडता उघडता गोराईच्या मुलाला कुणीतरी म्हणतंच, "अरे, तुझं मराठी किती छान आहे!"

पण खरा गुंता आहे तो कायद्यातल्या व्याख्येत. ती १९३५ च्या भारत सरकार कायद्यात आली आणि राज्यघटनेच्या कलम ३६६ मध्ये जवळपास तशीच उतरली. ज्याचा बाप, किंवा बापाच्या बाजूचा कुणी पुरुष पूर्वज, युरोपीय वंशाचा, आणि जो इथे कायमच्या राहणाऱ्या आईबापांच्या पोटी इथेच जन्मला, तो अँग्लो-इंडियन. ही व्याख्या दोनदा वाचावी अशी आहे. 'मिश्र' हा शब्द तिच्यात कुठेच नाही. पिढ्यान्‌पिढ्या इथे राहिलेलं, देशी रक्ताचा थेंबही नसलेलं युरोपीय घराणं तिच्यात बसतं. 'युरोपीय' म्हटल्यामुळे इंग्रजच पूर्वज हवा असंही नाही, पोर्तुगीज चालतो, फ्रेंच चालतो. चालत नाही ती आई. वडील दादरचे कुलकर्णी आणि आई लंडनची, तर पोरगी अर्धी इंग्रज असून अँग्लो-इंडियन नाही.

तेव्हा गोरे म्हणून आले ते बहुतेक पुरुष, सैन्यातले नि रेल्वेतले. लिहिणाऱ्यांनी डोळ्यासमोरचं लिहिलं, असा बचाव करता येतो. मला तो अपुरा वाटतो. व्याख्येला राखीव जागा आणि नोकऱ्या बांधलेल्या होत्या, आणि आईकडून मोजलं असतं तर यादी लांबली असती. वंशाचा दिवा मुलगाच, असं मानणाऱ्या आमच्या आजीचं आणि या कलमाचं चांगलं जमलं असतं.

मराठीकडेही सोयीचा शब्द नाही म्हणा. 'वर्णसंकर'मध्ये शिवी दडलेली, 'मिश्रवंशीय' पाठ्यपुस्तकी, आणि 'मिश्र विवाह' म्हटलं की ऐकणारा पहिलं विचारतो, मुलगी कुठल्या जातीची? म्हणून मुंबईतली पोरं सरळ 'मिक्स' म्हणून मोकळी होतात.

पुढे २०१९ च्या डिसेंबरात लोकसभेत आकडा सांगितला गेला: २०११ च्या जनगणनेनुसार देशभरात अँग्लो-इंडियन २९६. समाजातल्या लोकांनी तो हसण्यावारी नेला, मग संतापाने फेटाळला. त्या जनगणनेत धर्म विचारला होता, अनुसूचित जाती-जमाती विचारल्या होत्या, मातृभाषा विचारली होती. वंशाचा रकानाच नव्हता, तर मोजणार कसं? तरी २५ जानेवारी २०२० पासून लोकसभेतल्या अँग्लो-इंडियनांसाठीच्या दोन नियुक्त जागा गेल्या, आणि आपल्या विधानसभेतली २८९ वी खुर्चीही.

आंटींच्या मुलीने उत्तनच्या ईस्ट इंडियन मुलाशी लग्न केलं. म्हणजे कलम ३६६ प्रमाणे नात 'अँग्लो' नाही. ती आता पर्थला असते. तिथल्या जनगणनेत पूर्वज विचारतात आणि दोन उत्तरं देता येतात. तिने एका ओळीत 'अँग्लो-इंडियन' लिहिलं, दुसऱ्या ओळीत 'ईस्ट इंडियन', आणि आईला फोन करून विचारलं, दुसऱ्याचं स्पेलिंग जोडून की तोडून?