एका सेलवरची सावली

डिसेंबरातली सकाळ, पुण्यातली आमची गच्ची. नऊ वाजता मीटरभर उंच कठड्याची सावली टेपने मोजली, तर सव्वादोन मीटरच्या वर भरली. दुपारी साडेबाराला तीच एक मीटरच्या आत आली. मेच्या मध्यावर मात्र पुण्यात भरदुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो आणि सगळी गच्ची मोकळी दिसते. सोलर बसवायची जागा तेव्हा ठरवली, तर हिवाळ्यात फसगत ठरलेली.

थोड्याशा सावलीने काय होतंय, असं वाटतं खरं. पण पॅनेलमधले सेल, म्हणजे उजेडापासून वीज करणारे छोटे चौकोन, एकापुढे एक जोडलेले असतात. स्लॅब टाकताना घमेली हातोहात वर जातात ना, तसंच. रांगेतला एक जण मंदावला की सगळ्यांना त्याच्याच गतीने चालावं लागतं. सावलीतल्या सेलमधून जेवढा प्रवाह जाईल, तेवढाच बाकीच्यांतून जाणार.

यावर तोड म्हणून 72 सेलच्या नेहमीच्या पॅनेलमध्ये 24-24 सेलचे तीन गट करतात आणि प्रत्येक गटाला एक बायपास डायोड असतो. गट अडला की प्रवाह त्याला वळसा घालून पुढे जातो. म्हणजे एकच सेल पूर्ण झाकला, तर झाकलं गेलं जेमतेम दीड टक्का क्षेत्र, पण वीज गेली एक तृतीयांश! शिवाय गटातल्या इतर सेलची वीज त्या एका सेलमध्ये जिरते आणि तो तापतो. काचेवर वाळलेली कबुतराची घाण म्हणूनच वेळेवर धुवायला हवी. डोक्यावरून गेलेली तार त्यामानाने बरी. सेंटिमीटरभर जाडीच्या तारेची गडद सावली साधारण मीटरभर अंतरावर संपते, पुढे नुसती पुसट छटा उरते. पावसाळी ढगांचं वेगळं. ते सगळ्याच सेलचा उजेड सारखा कमी करतात, त्यामुळे वीज घटते ती उजेडाच्या प्रमाणात.

हल्ली अर्ध्या सेलची पॅनेल मिळतात, म्हणजे सेल कापून अर्धे केलेले आणि वरचा-खालचा भाग वेगवेगळा जोडलेला. ती उभी बसवली आणि खालच्या कडेवर सावली आली, तरी वरचा अर्धा भाग काम करत राहतो. प्रत्येक पॅनेलला वेगळा मायक्रोइन्व्हर्टर, म्हणजे पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणारं छोटं यंत्र, लावला तर एकाचा फटका शेजारच्याला बसत नाही, पण खर्च वाढतो. माझ्या मते आधी सावली हटवावी, मग यंत्रांकडे वळावं. आणि सावली हटवायची म्हणून शेजारच्या नारळावर कुऱ्हाड चालवू नये, पॅनेलची जागा बदलावी.

आम्ही 21 डिसेंबरला नऊ ते चार, दर तासाला टाकीच्या सावलीची कड खडूने आखली. रेघा पाहिल्यावर टाकीच उत्तरेच्या कोपऱ्यात हलवली. जूनमध्ये दुपारचा सूर्य उत्तरेकडे सरकतो, पण तेव्हा तो इतका उंच असतो की मीटरभर उंच टाकीची सावली वीतभरही पडत नाही.