कुंपणाबाहेरचे अकरा जण : शोरहॅम हंटर अपघाताची पार्श्वभूमी

२२ ऑगस्ट २०१५ रोजी दुपारी १ वाजून २२ मिनिटांनी हॉकर हंटर टी७ हे जुने लढाऊ जेट इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील शोरहॅम विमानतळाला लागून असलेल्या ए२७ महामार्गावर कोसळले. अकरा जणांचा जीव गेला, वैमानिकासह तेरा जखमी झाले. गेलेले सगळे विमानतळाच्या कुंपणाबाहेरचे होते. कोणी गाडीत बसून चौकातून चालले होते, कोणी सायकलवर होते, कोणी रस्त्याकडेला थांबून वर पाहत होते.

ब्रिटनमधल्या हवाई प्रदर्शनांचे नियम ज्या घटनेतून घडले ती ६ सप्टेंबर १९५२ ची. फार्नबरोच्या प्रदर्शनात डी हॅविलंड ११० हे लढाऊ विमान हवेतच फुटले, इंजिन गर्दीत येऊन पडले आणि २९ प्रेक्षक व विमानातले दोघे मारले गेले. त्यानंतर गर्दीच्या डोक्यावरून उडायचे नाही, गर्दीकडे तोंड करून कसरत करायची नाही, गर्दीपासून ठरलेले अंतर सोडायचे नाही, असे दंडक आले. ते चांगलेच उपयोगी ठरले. पुढची ६३ वर्षे अशा प्रदर्शनांत वैमानिक गेले (याच शोरहॅममध्ये २००७ साली हरिकेन या जुन्या लढाऊ विमानाचा वैमानिक गेला), पण प्रेक्षक नाही. मात्र हे सगळे अंतर मोजले जात होते ते प्रेक्षकांच्या रेषेपासून. विमान गर्दीपासून दूर ठेवायचे तर ते दुसऱ्या कशावरून तरी जाणारच, आणि शोरहॅममध्ये ते 'दुसरे काही' म्हणजे सिग्नल असलेला गजबजलेला महामार्ग होता. हा धोका नकाशावर दिसत होता. तरी प्रदर्शन संचालकाच्या जोखीम-आराखड्यात त्याचा नेमका विचार झाला नाही, कारण वैमानिक कोणती कसरत कुठे करणार याचा क्रम संचालकाला ठाऊकच नव्हता.

हंटरची ओळख भारतीय वाचकाला करून द्यायला नको. १९७१ मध्ये लोंगेवालाला पाकिस्तानी रणगाडे फोडले ती हीच जात. शोरहॅमचे विमान १९५५ चे, मूळचे एका आसनाचे, नंतर शेजारी-शेजारी दोन आसनांचे प्रशिक्षण-विमान म्हणून बदललेले.

कसरत होती 'बेंट लूप'ची. विमान लूपसारखे, म्हणजे उभ्या वर्तुळात, वर ओढायचे, चढतानाच थोडे लोळवायचे आणि उलटे होऊन वेगळ्या दिशेला खाली आणायचे. यात सगळे शिखराच्या उंचीवर अवलंबून असते, कारण खाली येताना वळणाला किती जागा लागेल हे तिथेच ठरून जाते. वैमानिकाच्या स्वतःच्या सांगण्यानुसार हंटरसाठी सुरुवातीचा वेग किमान ३५० नॉट (एक नॉट म्हणजे ताशी सुमारे १.८५ किलोमीटर) आणि शिखरावरची उंची किमान ३,५०० फूट हवी. प्रत्यक्षात सुरुवात सुमारे ३१० नॉटवर झाली, तीही जमिनीपासून १८५ फुटांवर. त्याला कसरतीसाठी परवानगी होती ५०० फुटांची. चढताना इंजिन सतत पूर्ण जोरावर ठेवले गेले नाही. शिखर आले २,७०० फुटांवर, आणि तिथे वेग उरला होता जेमतेम १०५ नॉट. उंची कमी भरली तर कसरत तिथेच सोडायची आणि विमान लोळवून सरळ करून निघून जायचे, यासाठीच तर ती किमान उंची ठरवलेली असते. शिखर ओलांडल्यावर चार सेकंदांपर्यंत हे शक्य होते, असे चाचणी-उड्डाणांतून दिसले. ते केले गेले नाही. हे आकडे मिळाले ते मुख्यतः कॉकपिटमधल्या दोन छोट्या कॅमेऱ्यांमुळे आणि जमिनीवरून झालेल्या चित्रणामुळे. इंजिन आदळेपर्यंत चालू होते.

अवघड भाग यापुढचा आहे आणि तो आजही मृतांच्या कुटुंबांना छळतो. वैमानिकावर सदोष मनुष्यवधाचे अकरा आरोप होते. ८ मार्च २०१९ रोजी लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयातल्या ज्यूरीने त्याला सर्व आरोपांतून निर्दोष सोडले. गुरुत्वबलाच्या ताणाने मेंदूला प्राणवायू कमी पडून वैमानिकाची निर्णयशक्ती मंदावली असू शकते, हा बचाव होता. शुद्ध हरपणे वेगळे. इथे दावा असा की डोळे उघडे, हात चालू, पण विचार अडखळलेला. फौजदारी खटल्यात हे सिद्ध करण्याची जबाबदारी बचावावर नसते. तसे घडले नाही, याची ज्यूरीला खात्री पटवून देणे अभियोग पक्षाचे काम असते. ती खात्री पटली नाही. निकालानंतर अपघात तपास यंत्रणेने हा मुद्दा पुन्हा तपासला आणि डिसेंबर २०१९ मध्ये सांगितले की आधीचा अहवाल बदलावा असे नवे, महत्त्वाचे काही आढळले नाही.

मग २० डिसेंबर २०२२ रोजी मृत्युचौकशीत, म्हणजे मृत्यू कसा झाला एवढेच ठरवणाऱ्या न्यायालयीन चौकशीत, त्याच अकरा मृत्यूंवर 'बेकायदा हत्या' असा शेरा आला. अनेकांना वाटले की एका न्यायालयाने दुसऱ्याचा निकाल फिरवला. तसे झाले नाही. नोव्हेंबर २०२० पर्यंत असा शेरा देण्यासाठी मृत्युचौकशीतही फौजदारी खटल्याइतकाच कडक पुरावा लागत असे. त्या महिन्यात ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने तीन विरुद्ध दोन मतांनी ठरवले की 'असे घडले असण्याची शक्यता अधिक आहे' एवढे पुरेसे आहे. शिवाय २०१६ पासूनचा दंडक असा की अपघात तपास यंत्रणेचा सरकारी तपास अपुरा किंवा सदोष होता याचा ठोस पुरावा असल्याशिवाय मृत्युचौकशीत तो पुन्हा उकरायचा नाही. म्हणजे ज्यूरीसमोर ज्या मुद्द्याने पारडे फिरवले, त्याला इथे फारशी जागाच नव्हती. दोन्ही निकाल कायद्याने एकाच वेळी खरे राहतात. ज्या घरातला माणूस गेला त्या घराला हे पटवणे कठीण आहे, आणि हे सगळे व्हायला सात वर्षे लागावीत हे तर अजिबात समर्थनीय नाही.

अपघाताने देखभालीतल्या उणिवाही उघड्या पडल्या. संकटात वैमानिकाला विमानाबाहेर फेकणाऱ्या इजेक्शन सीटमधल्या काडतुसांची मुदत टळून गेली होती. अशी सीट वैमानिकाला वाचवण्याची खात्री देत नाही, आणि भग्न अवशेषांत जिवंत काडतूस राहिले तर मदतीला धावलेल्या अग्निशामक जवानाच्या जिवावर बेतते. जुनी लष्करी विमाने नेहमीच्या उड्डाणयोग्यता-प्रमाणपत्रावर नव्हे, तर विशेष परवान्यावर उडतात. म्हणून मालकाची देखभाल-वही हाच मोठा आधार असतो. आधीची एक खूणही होती. २०१४ मध्ये साउथपोर्टला याच वैमानिकाचे प्रदर्शन 'थांबा' असा आदेश देऊन बंद करावे लागले होते.

अपघातानंतर दोन दिवसांत हंटर जमिनीवर खिळवले गेले आणि समुद्रावर नव्हे तर जमिनीवरून उडून होणाऱ्या प्रदर्शनांत जुन्या जेट विमानांना फक्त साधे समोरून उडून जाण्याची मुभा उरली. तपास यंत्रणेने टप्प्याटप्प्याने ३२ शिफारशी केल्या. मार्च २०१७ मध्ये अंतिम अहवाल आला, त्याच वर्षी जुलैमध्ये देखभालीच्या अटींसह हंटरवरची बंदी उठली. आयोजकाने आता वैमानिकाकडून कसरतींचा क्रम आधी घ्यायचा आणि प्रत्येक कसरतीखाली काय आहे ते तपासायचे असते. नियामकाने शुल्क वाढवले तेव्हा छोट्या आयोजकांनी तक्रार केली, आणि त्या तक्रारीत तथ्यही होते. शोरहॅमचे प्रदर्शन मात्र पुन्हा भरले नाही.