आयसीयूतल्या नर्सला अधिकार कसा मिळाला

आयसीयू म्हटलं की व्हेंटिलेटर आणि मॉनिटरच आधी डोळ्यांपुढे येतात. हा विभाग सुरू झाला तो मात्र यंत्रं अपुरी पडली म्हणून.

१९५२ मध्ये डेन्मार्कमधल्या कोपनहेगनला पोलिओची मोठी साथ आली. ब्लेगडॅम रुग्णालयात कृत्रिम श्वासाची यंत्रं मोजून सात होती. सुरुवातीला यंत्रावर ठेवलेल्या ३१ रुग्णांपैकी २७ दगावले. २७ ऑगस्टला भूलतज्ज्ञ ब्यॉर्न इब्सेन यांनी बारा वर्षांच्या एका मुलीच्या गळ्याला छेद घेऊन श्वासनलिकेत नळी घातली आणि रबरी पिशवी हाताने दाबून तिला श्वास दिला. ती वाचली. मग सुमारे १५०० वैद्यकीय विद्यार्थी पाळ्या लावून रुग्णांच्या उशाशी पिशव्या दाबत बसले. अखंड देखरेखीने माणसं वाचतात हे तिथे दिसलं, आणि पुढच्याच वर्षी इब्सेन यांनी त्याच शहरात स्वतंत्र अतिदक्षता विभाग उभारला.

देखरेख रात्रंदिवस हवी, म्हणजे ती नर्सकडेच येणार. पण धोका सगळ्यात आधी तिला दिसायचा आणि उपचारासाठी डॉक्टरांची वाट पाहावी लागायची. हार्ट अटॅकच्या रुग्णाच्या हृदयाची लय अचानक बिघडली तर हातात जेमतेम काही मिनिटं असतात. १९६० च्या दशकात फिलाडेल्फियात डॉ. लॉरेन्स मेल्टझर आणि परिचारिका रोझ पिनिओ यांनी नर्सेसना ईसीजी वाचायला शिकवलं आणि गरज पडल्यास स्वतः हृदयाला विजेचा शॉक द्यायची मुभा दिली. या क्षेत्रातलं सर्वांत धाडसी पाऊल मला हेच वाटतं. १९६९ मध्ये अमेरिकेत अशा परिचारिकांची संघटनाही स्थापन झाली.

रुग्णसुरक्षेचा विषय ऐरणीवर यायला १९९९ उजाडावं लागलं. उपचारांतल्या चुकांमुळे अमेरिकेतल्या रुग्णालयांत वर्षाला ४४,००० ते ९८,००० मृत्यू होतात, असा अंदाज तिथल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने मांडला. त्यानंतर तिथल्याच जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात डॉ. पीटर प्रोनोव्होस्ट यांनी सेंट्रल लाइनचा (मोठ्या शिरेत घातलेल्या नळीचा) जंतुसंसर्ग टाळण्यासाठी साधी यादी केली: हात धुवा, त्वचा क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकाने पुसा, रुग्णाला निर्जंतुक चादरीने पूर्ण झाका, शक्यतो जांघेतून लाइन घालू नका, गरज संपली की काढा. एखादी पायरी सुटली तर डॉक्टरांना तिथेच थांबवण्याचा अधिकार नर्सला दिला गेला. मिशिगन राज्यातल्या शंभरावर आयसीयूंत ही पद्धत राबवल्यावर दीड वर्षात हा संसर्ग सुमारे ६६ टक्क्यांनी घटला. श्रेय बहुतेक वेळा यादीला दिलं जातं. माझ्या मते त्यातला मोठा वाटा ‘थांबा’ म्हणू शकणाऱ्या नर्सचा आहे.