वणाची खाज: केलॉइडमागची जुनी गोष्ट

गुजरीत, म्हणजे कोल्हापूरच्या सराफ बाजारात, कान टोचून आणले, महिनाभरात भोक बरं झालं, आणि पाच-सहा महिन्यांनी पाळीच्या मागे वाटाण्याएवढी टणक गाठ हाताला लागली. कोल्हापुरात हे ऐकलं नाही असं घर विरळा. गुऱ्हाळावर काहिलीतला रस उडून भाजलेला हात, शिरोलीच्या फौंड्रीत बसलेला चटका, लहानपणी दंडावर टोचलेली बीसीजी, कुठेही असं होऊ शकतं. जखम भरते, वण मात्र वाढत राहतो. हा केलॉइड. बघणाऱ्याला तो नुसता दिसतो; ज्याच्या अंगावर आहे त्याला खाजतो, टोचतो, रात्री झोपू देत नाही. त्यानं तक्रार केली की घरचे म्हणतात, "वणच तर आहे, त्याला काय होतंय?"

साधारण सातव्या शतकातले आयुर्वेदाचार्य वाग्भट यांनी ही तक्रार अशी उडवून लावली नव्हती. त्यांच्या अष्टांगहृदय या ग्रंथात ग्रंथींचे नऊ प्रकार आहेत, त्यातला एक व्रणग्रंथी: जखम भरत असताना किंवा नुकती भरल्यावर त्या जागी उठणारी गाठ. तिची लक्षणं सांगताना ते दाह आणि कंडू, म्हणजे जळजळ आणि खाज, हेच शब्द वापरतात. ती गाठ आणि आजचा केलॉइड तंतोतंत एकच, असा दावा मी करणार नाही. पण रुग्णाला होणारा त्रास तेव्हाच रोगाच्या वर्णनात आला होता, हे मला फार मोलाचं वाटतं.

आजचं नाव फ्रान्सचं. पॅरिसच्या सेंट लुई रुग्णालयातले त्वचारोगतज्ज्ञ आलिबेर यांनी १८०६ मध्ये या वणांना कर्करोगाशी नातं सांगणारं नाव दिलं होतं. पुढे गोंधळ टाळण्यासाठी त्यांनीच ते बदललं आणि खेकड्याच्या नांगीसाठीच्या ग्रीक शब्दावरून 'केलॉइड' केलं, कारण वण नांगीसारखा शेजारच्या चांगल्या कातडीत शिरतो. जखमेच्या हद्दीतच राहून फुगलेला वण वेगळा. तो बऱ्याचदा काळानं बसतो. केलॉइड हद्द ओलांडतो. तो कर्करोग नाही, आणि संसर्गानं पसरतही नाही. तरी 'गाठ' म्हटल्यावर माणूस घाबरतोच.

खाज येते त्याला कारण आहे. वणातल्या पेशी कोलॅजन, म्हणजे कातडीला बळकटी देणारं प्रथिन, बनवायचं थांबवत नाहीत, तिथल्या मास्ट नावाच्या पेशी हिस्टामाइन हे खाज आणणारं रसायन सोडतात आणि बारीक मज्जातंतू चेतवले जातात. म्हणून वाढत्या कडेला खाज जास्त, मध्यभागी दुखणं जास्त.

उपचारांच्या इतिहासात सगळ्यात महाग पडलेली चूक म्हणजे नुसतं कापणं. कापलेली जागा ही नवी जखमच, त्यामुळे निम्म्याहून जास्त वेळा वण परत येतो, कधी आधीपेक्षा मोठा. म्हणून विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून किरणोपचार आले, १९६० च्या दशकात थेट वणात द्यायचं ट्रायमसिनोलोन या स्टेरॉइडचं इंजेक्शन रुळलं, आणि १९८० च्या दशकात ऑस्ट्रेलियात भाजलेल्या रुग्णांवर वापरलेली सिलिकॉनची पट्टी जगभर गेली. इंजेक्शन चार ते सहा आठवड्यांनी घ्यावं लागतं. त्यानं खाज आणि दुखणं बरंच उतरतं, मात्र कातडी पातळ किंवा पांढरट होऊ शकते. पट्टी दिवसाचे बारा तास तरी, आणि कित्येक महिने लावावी लागते. उन्हाळ्यात घामानं ती सुटते, तेव्हा धुऊन, कोरडी करून परत लावायची.

घरी करण्यासारखं थोडंच आहे: खाजवायचं नाही, जागा मऊ ठेवायची, दप्तराचा पट्टा किंवा घट्ट बाही तिथं घासू द्यायची नाही. बिब्बा आणि चुना मात्र कृपा करून लावू नका. बिब्ब्यानं कातडी भाजते, आणि त्या भाजण्यावर नवा वण उठतो. वणाला जखम पडली, रक्त येऊ लागलं किंवा तो झपाट्यानं बदलला तर सीपीआर या कोल्हापुरातल्या सरकारी रुग्णालयाच्या त्वचारोग विभागात दाखवावं. हा कल घराण्यात उतरतो; आईला किंवा आत्याला असा वण असेल, तर मुलीच्या कानाला दुसरं भोक पाडण्याआधी ही गोष्ट घरात बोलून घ्यावी.